संपणारा डाव आणि न संपणारा खेळ

जून 2022 च्या अखेरीस ठाण्यातल्या वर्तकनगर भागात एका बावीस वर्षांच्या तरुणाचा खून झाला. संशयित त्याच्या ओळखीतलेच होते, आणि पब्जी या मोबाइलवरच्या खेळावरून त्यांच्यात उडालेले खटके तपासात पुढे आले. बातमी वाचून अनेक घरांत एकच मागणी झाली, की हा खेळ एकदाचा बंद करा. पण मूळ पब्जी मोबाइल त्याआधी जवळजवळ दोन वर्षे बंदच होता. 2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्र सरकारने 118 ॲपवर बंदी घातली, त्यांत तो होता. 2 जुलै 2021 रोजी तोच खेळ ‘बीजीएमआय’ या नावाने भारतासाठी नव्याने आला, 28 जुलै 2022 रोजी तोही हटवला गेला आणि मे 2023 मध्ये परत आला. बंदीच्या दोन्ही वेळा कारण होते वापरणाऱ्यांच्या माहितीची आणि देशाची सुरक्षा. मुलांवर होणाऱ्या परिणामाचा त्या निर्णयांशी फारसा संबंध नव्हता. त्यामुळे बंदी आली आणि गेली, तरी पालकांचा मूळ प्रश्न जिथल्या तिथे राहिला. कोणता खेळ मुलांच्या हाती निर्धास्तपणे द्यावा आणि कोणता देऊ नये, हे ठरवायचे कशावरून? घरोघरचे तयार उत्तर असे असते की कॅरम, पत्ते, सापशिडी चांगली आणि पडद्यावरचे सगळे वाईट. ही मोजपट्टीच चुकीची आहे, असे मला वाटते. खेळ लाकडी पाटावर आहे की काचेवर, याने फार थोडे ठरते. खरी कसोटी ही की त्या खेळाला शेवट आहे का, आणि तो शेवट कोणाच्या हातात आहे.

आपल्याकडचे जुने खेळ या नजरेने पाहिले, तर त्यांच्या नियमांतली एक खुबी लक्षात येते. परंपरेने ज्ञानदेवांच्या नावाशी जोडला जाणारा मोक्षपट घ्या. कवड्यांच्या दानाने सोंगटी पुढे सरकते, सद्गुणांच्या शिड्या वर नेतात, दुर्गुणांचे साप खाली आणतात आणि शेवटच्या घरात मोक्ष मिळाला की खेळ आटोपतो. हाच खेळ 1892 च्या सुमारास इंग्लंडमध्ये साप-शिड्यांचा खेळ म्हणून विकला जाऊ लागला, तेव्हा त्यातला अध्यात्माचा भाग पातळ झाला. शेवटचे घर मात्र राहिले. कॅरमच्या नियमांत ही काळजी आणखी बारकाईने घेतलेली दिसते. नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या आणि एक राणी, एवढ्यावर बोर्ड संपतो. पंचवीस गुण किंवा आठ बोर्ड, यांतले जे आधी होईल तिथे गेम संपतो आणि तीनपैकी दोन गेम जिंकणारा सामना नेतो. राणीचे तीन गुण मिळतात, पण खेळाडू बावीस गुणांवर पोहोचला की राणीचे गुण मोजले जात नाहीत. तिथून पुढे त्याला साध्या सोंगट्यांवरच गेम काढावा लागतो. झब्बू, बदाम सात, मेंढीकोट, पाच-तीन-दोन या डावांत हातातली पाने संपली की डाव संपतो आणि पुन्हा पिसायला कोणाला तरी हात पुढे करावा लागतो. वर्तकनगरच्या ज्या मैदानी खेळाचा महाराष्ट्रभर गाजावाजा होतो, त्या दहीहंडीचेही असेच आहे. ऑगस्ट 2025 मध्ये कोकणनगर गोविंदा पथकाने इथल्या हंडीत दहा थर लावले. थर लागले, सलामी झाली, हंडी फुटली की पुढच्या वर्षापर्यंत तो विषय मिटतो. या खेळात जीवाचा धोका उघड आहे. तरीही आपण तो बंद केला नाही. चौदा वर्षांखालच्या मुलांना थरांत चढवायचे नाही, अशी मर्यादा घातली आणि विम्याची सोय केली. धोका असलेल्या खेळाला नियमांत बसवता येते, याचा हा ठाण्याच्या ओळखीचा दाखला आहे.

आता तोच डाव पडद्यावर गेला तर बिघडतो का? पचिसीवरून इंग्लंडमध्ये 1896 च्या सुमारास लुडो बेतला गेला आणि 2016 मध्ये नवी मुंबईतल्या गेमेशन कंपनीने ‘लुडो किंग’ नावाने तो मोबाइलवर आणला. 2020 च्या टाळेबंदीत डोंबिवलीतली आजी, पुण्यातली मावशी आणि परदेशातला नातू एका पटावर बसू शकले ते या ॲपमुळे. चार सोंगट्या घरात गेल्या की खेळ खलास, हा नियम पडद्यावरही तसाच राहिला. दुसरे उदाहरण घोळक्यात बसून खेळायच्या खेळांचे आहे. मॉस्को विद्यापीठातल्या दिमित्री दाविदोव्ह या विद्यार्थ्याने 1986 मध्ये ‘माफिया’ हा खेळ बसवला. गोल करून बसलेल्या मंडळींत काही जण गुपचूप माफिया असतात आणि बाकीच्यांनी बोलून, वाद घालून, मतदान करून त्यांना शोधायचे असते. त्याला ना पाट लागतो ना सोंगटी. कॉलेजच्या सहलींत आणि हॉस्टेलच्या खोल्यांत हा खेळ आपल्याकडेही रुळला. 2018 मध्ये आलेल्या ‘अमंग अस’ने हीच कल्पना मोबाइलवर आणली आणि 2020 मध्ये जगभरची मुले अंतराळयानातला लबाड शोधू लागली. त्याची फेरी दहा-पंधरा मिनिटांची असते, मतदान होते, लबाड सापडतो किंवा निसटतो आणि सगळे हसत पुन्हा पहिल्या खोलीत येतात. पाटावरून काचेवर जाताना या दोन्ही खेळांचे मूळ सत्त्व शाबूत राहिले. म्हणजे दोष काचेचा नाही.

मग तो पब्जीत आहे का? तो खेळ जवळून पाहू. विमानातून शंभर जण एका बेटावर उतरतात. ‘एरँगल’ हा त्याचा सर्वांत प्रसिद्ध नकाशा आठ किलोमीटर लांब आणि तितकाच रुंद आहे. उतरल्यावर कोणाच्याही हातात काही नसते. घराघरांतून हेल्मेट, जाकीट, बंदूक, मलमपट्टी गोळा करायची. काही मिनिटांनी नकाशावर एक पांढरे वर्तुळ उमटते आणि त्याच्या बाहेर राहणाऱ्याचा जीव निळ्या पट्ट्यात हळूहळू घटू लागतो. वर्तुळ पुन्हा आवळते, मग पुन्हा. ज्याला लपून बसायचे आहे, त्यालाही उठून पळावे लागते, कारण बसायला जागाच उरत नाही. साधारण अर्ध्या तासात शंभरांचे दहा होतात, दहाचे दोन होतात आणि शेवटच्या टीमला मुले ज्याला ‘चिकन डिनर’ म्हणतात ते मिळते. खेळ संपला पाहिजे, रेंगाळता कामा नये, याची काळजी त्या आवळत्या वर्तुळाने जितकी नेमकी घेतली आहे, तितकी फार थोड्या खेळांत घेतलेली आढळते. चार जणांच्या स्क्वॉडने एकमेकांना दिशा सांगायच्या, जखमी गड्याला उठवायचे, गोळ्या वाटून घ्यायच्या. यात बुद्धी लागते, संयम लागतो आणि जोडीदारावर विश्वास लागतो. मॅच म्हणून पाहिली तर ती उत्तम बांधलेली आहे, हे मान्य करायला पालकांनी कचरू नये.

गोम मॅच संपल्यावर सुरू होते. निकालाचा पडदा मिटताच लॉबीत लाल ठिपके दिसू लागतात. आजची तीन कामे पूर्ण झाली, दोन राहिली. ब्राँझपासून कॉन्कररपर्यंतच्या पायऱ्यांवर तुमचे गुण इतके वाढले किंवा इतके घटले. सीझन संपला की मिळवलेली पायरी खाली घसरवली जाते आणि चढण पुन्हा सुरू करावी लागते. पैसे देऊन घेतलेल्या रॉयल पासची मुदत ठरलेली असते, म्हणून आज खेळला नाहीत तर दिलेल्या पैशांतली बक्षिसे हातची जातात. यूसी या खेळातल्या चलनाने क्रेट उघडायची, पण आत काय निघेल ते आधी कळत नाही. अनिश्चित अंतराने मिळणारे बक्षीस प्राण्याला सर्वांत चिवटपणे एकाच कृतीला जखडून ठेवते, हे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर प्रयोगांतून दाखवले होते. क्रेटची रचना त्याच तत्त्वावर चालते. पैसे देऊन उघडायच्या अशा पेट्यांना बेल्जियमने 2018 मध्ये जुगारात धरले. यामागचे अर्थकारण सरळ आहे. खेळ फुकट उतरवता येतो, तेव्हा कंपनीची कमाई तुम्ही खेळ विकत घेण्यावर नसते. तुम्ही पुन्हा पुन्हा येण्यावर आणि अधूनमधून खर्च करण्यावर असते. म्हणून मॅचला शेवट आहे, पण खेळाला नाही. शिवाय कॅरमला समोर गडी लागतो. तो उठला की तुम्हालाही उठावे लागते. मोबाइलला रात्री दोन वाजताही नव्याण्णव जण मिळतात आणि माणसे कमी पडली तर संगणकी खेळाडू भरून काढले जातात. थांबवणारा दुसरा माणूसच या व्यवस्थेतून नाहीसा झाला आहे.

यावर रास्त आक्षेप येतो. आपल्या वाडवडिलांनी काय कमी रात्री जागवल्या? गणपतीच्या जागरणाला पत्त्यांचे डाव पहाटेपर्यंत चालत, तीन पत्तीत पगार उडत आणि ‘नवा व्यापार’ मांडला की तो कधी संपतच नसे, कोणी तरी कंटाळून नोटा गोळा करी. हे सगळे खरे आहे आणि त्याने माझ्या मुद्द्याला बळच मिळते. ‘नवा व्यापार’ ज्या जातीचा, तिचे मूळ एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंच्या खेळात आहे. 1904 मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले. जमीनमालकीतून एकाच्या हातात पैसा कसा साचतो हे दाखवणे हा त्यांचा हेतू होता. म्हणजे एक जण सगळे गिळेपर्यंतची लांबण त्या विषयातच होती. आणि डावावर काही लावले की काय होते, हे सांगायला महाभारताहून मोठा दाखला नको. युधिष्ठिर हरत गेला तसतसा पण वाढत गेला. सर्वस्व गेल्यावर ते परत मिळाले, तरी अनुद्यूताचे, म्हणजे पुन्हा खेळायच्या डावाचे, बोलावणे येताच तो पुन्हा पटावर बसला. हरलेल्याला भरपाईची आशा असते, जिंकलेल्याला आणखी हवे असते आणि उठण्याचे कारण दोघांनाही उरत नाही. न संपणे हा दोष जुनाच आहे. फरक एवढाच की पूर्वी तो माणसांच्या लोभातून येई आणि रॉकेल, पहाट, बायकोचा आवाज किंवा रिकामा खिसा त्याला आवर घाली. आता तो रचनेतच बसवला जातो आणि हे बाहेरचे अडथळे एकेक करून दूर केले जातात.

पैशाच्या बाबतीत कायद्याने आता स्पष्ट भूमिका घेतली आहे. 2021 मध्ये ‘लुडो सुप्रीम’ या पैसे लावून खेळायच्या ॲपविरुद्ध मुंबईत प्रकरण थेट उच्च न्यायालयापर्यंत गेले. लुडो नशिबाचा खेळ आहे, कौशल्याचा नाही, म्हणून हा जुगार ठरतो, असे तक्रारदाराचे म्हणणे होते. पट तोच, सोंगट्या त्याच, पण आजी-नातवाचा लुडो कोणाला खुपला नाही आणि हा खुपला. सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये रमीला कौशल्याचा खेळ म्हटले होते, तेव्हापासून अनेक वर्षे कौशल्य की नशीब याच वादात वकिलांची शक्ती खर्ची पडली. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि तो वाद बाजूला सारून पैसे लावण्याचे सगळे ऑनलाइन खेळ बंदीच्या कक्षेत आणले. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड, अशा शिक्षा त्यात आहेत. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि निव्वळ करमणुकीचे खेळ वेगळे काढून त्यांना उत्तेजन द्यायचे ठरवले. ही विभागणी मला योग्य वाटते. मात्र पैशाचा पण नसलेला, पण सीझन, पास आणि क्रेट यांनी न संपणारा केलेला खेळ या कायद्याने चांगल्या रकान्यात राहतो. तिथे पुढचे काम आपल्याला करायचे आहे.

खेळून दाखवणाऱ्यांचाही इथे विचार हवा, कारण मुले आज खेळ शिकतात ते यूट्यूबवरच्या खेळाडूंकडून. एप्रिल 2024 मध्ये पंतप्रधानांनी देशातल्या सात गेमरना भेटीला बोलावले. त्यांत ‘मॉर्टल’ नावाने ओळखला जाणारा मुंबईचा नमन माथुर होता आणि ‘मिथपॅट’ म्हणजे मिथिलेश पाटणकर हा मराठी मुलगाही होता. पाटणकरांचे नाव घराघरांत गेले ते नेमबाजीमुळे कमी आणि गप्पांमुळे जास्त. खेळात गाडी उलटली, मोहीम फसली, तरी त्यांचा विनोद चालू राहतो आणि पाहणाऱ्याला मित्राच्या शेजारी बसल्यासारखे वाटते. ज्या मुलाचे आईबाप सकाळची फास्ट लोकल धरून रात्री परततात आणि ज्याच्या इमारतीखालचे मोकळे आवार पुनर्विकासाच्या पत्र्यांआड गेले आहे, त्याला ही सोबत लागते. तिची टिंगल करण्यात शहाणपण नाही. पण एक फरक मुलांना समजावून सांगितला पाहिजे. खेळणे हीच ज्याची नोकरी आहे, त्याचे सहा तास आणि शाळकरी मुलाचे सहा तास सारखे नसतात. स्ट्रीम चालू राहण्यावर त्याचे उत्पन्न अवलंबून आहे, म्हणून त्याचा दिवस लांबतो. एक मॅच नीट खेळून झाल्यावर प्रेक्षकांना ‘आता फोन ठेवा, झोपा’ असे सांगणारा स्ट्रीमर मुलांवर जो परिणाम करील, तो शाळेतल्या भाषणाने होणार नाही. त्यांच्या शब्दाला वजन आहे, म्हणून त्यांच्याकडून ही अपेक्षा आहे.

दुसऱ्या बाजूने विचारले जाईल, की ई-स्पोर्ट्समध्ये करिअर करायचे तर तासन्‌तास खेळावेच लागेल ना? जाकार्ताच्या 2018 च्या आशियाई स्पर्धांत ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक म्हणून होते, तेव्हा तीर्थ मेहताने भारतासाठी कांस्य जिंकले. 2023 मध्ये हांगझौच्या आशियाई स्पर्धांत या खेळांना पूर्ण पदकाचा दर्जा मिळाला आणि त्याआधी डिसेंबर 2022 मध्ये भारत सरकारने ई-स्पोर्ट्सना क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत घेतले होते. पण स्पर्धेत काय असते ते पाहा. मॅचची संख्या ठरलेली, वेळ ठरलेली, गुणपत्रक ठरलेले आणि अंतिम फेरी झाली की करंडक देऊन सगळे घरी. म्हणजे व्यावसायिक पातळीवर हाच खेळ पुन्हा शेवट असलेला होतो. सराव करणारा खेळाडू चुका तपासतो, विश्रांती घेतो. रँक चढवत बसलेला मुलगा यातले काहीच करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात गेमिंगच्या विकाराची नोंद केली, त्या विकाराचेही लक्षण थांबता न येणे हेच आहे. किती तास खेळला यावर तिचा भर नाही. खेळ कधी सुरू करायचा, कधी थांबवायचा यावरचा ताबा सुटणे, इतर सगळ्यापेक्षा खेळाला प्राधान्य मिळणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालू राहणे, असे साधारण वर्षभर चालले तर विकार म्हणायचे. बहुसंख्य खेळणारे यात बसत नाहीत, म्हणून प्रत्येक खेळणाऱ्या मुलाला व्यसनी म्हणणे अन्यायाचे आहे. पण थांबता येणे हाच आरोग्याचा निकष आहे, हे डॉक्टरांनीही मान्य केले आहे.

आतापर्यंतच्या बहुतेक उपायांनी घड्याळाचा आधार घेतला. बीजीएमआयने अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तास आणि सात हजार रुपये अशी मर्यादा घातली. चीनने 2021 मध्ये अल्पवयीनांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच वेळ दिला. घरातही आई ‘अर्धा तास झाला, ठेव’ म्हणते, तेव्हा मुलगा तिसऱ्या वर्तुळात असतो, तीन मित्र त्याच्या भरवशावर असतात आणि भांडण पेटते. कॅरमच्या मधल्या फटक्यावर बोर्ड उचलला, तर मोठी माणसेही चिडतात. म्हणून मिनिटांऐवजी डाव मोजावेत. शाळेच्या दिवशी दोन मॅच, रविवारी चार, असे आधी ठरवावे. मॅच पुरी होऊ द्यावी आणि निकालाचा पडदा आला की फोन परत घ्यावा. खेळातल्या सूचना बंद कराव्यात, खेळाला पैसे देण्याची सोय मुलाच्या फोनवर ठेवू नये आणि रॉयल पास घेऊ नये, कारण त्याची मुदतच मुलाला रोज ओढून आणते. आणि अधूनमधून पालकांनी स्वतः एक मॅच शेजारी बसून पाहावी, म्हणजे कुठे थांबवायचे ते कळेल.

बनवणाऱ्यांकडूनही मागणे आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये ‘राजी’ हा खेळ जगभर प्रसिद्ध केला. हरवलेल्या भावाला शोधायला निघालेल्या मुलीची ती गोष्ट काही तासांत पूर्ण होते आणि खेळणारा समाधानाने उठतो. त्याच पुण्यातल्या सुपरगेमिंगने 2024 मध्ये ‘इंडस’ हा पब्जीच्या जातीचा खेळ आणला. महाराष्ट्रात खेळ बनवण्याचे कौशल्य आहे आणि राज्य सरकारलाही या उद्योगाला बळ द्यायचे आहे. अनुदान देताना एक अट जरूर घालावी. अल्पवयीनांसाठीच्या खेळात ठरावीक मॅचनंतर खेळ स्वतःहून मिटला पाहिजे, सीझनची पायरी खाली घसरता कामा नये आणि पैसे देऊन उघडायची बंद पेटी नसावी. वर्तकनगरच्या मंडळांनी कॅरम स्पर्धेच्या शेजारी बीजीएमआयची स्पर्धा जरूर भरवावी. मॅच मोजून ठेवाव्यात आणि बक्षीस समारंभ दहाच्या आत उरकावा. मुलांना खेळू द्या. फक्त प्रत्येक डाव कुठे संपणार, हे डाव मांडण्याआधी ठरवा.